अण्णांचं भारी रीळ

आमच्या अण्णांनी आयुष्यात विनातपासणी पास केलेली वस्तू एकच: ते स्वतः. बाकी सगळं जग त्यांच्यापुढे तपासणीला येतं आणि बहुतेक वेळा मान खाली घालून परत जातं.

अण्णा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. पाम गावात आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत, आणि दोन घरांत मिळून चूल एकच, माईची. माई म्हणजे अण्णांची बायको. अण्णांनी बोईसरच्या एका कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. कंपनी काय बनवायची ते मला अजून नीट माहीत नाही. अण्णा काय करायचे ते मात्र अख्ख्या गावाला माहीत आहे. ते 'रिजेक्ट' करायचे. हा शब्द उच्चारण्याची त्यांची एक पद्धत आहे. आधी चष्मा कपाळावर, मग नाकातून एक बारीक फुंकर, मग 'रि' म्हणून थोडं थांबायचं, समोरच्याचा जीव टांगणीला लागू द्यायचा, आणि मग 'जेक्ट'. रिटायर झाले तेव्हा कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं. अण्णांनी ते कानाला लावलं, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि स्टेजवरच साहेबांना परत दिलं. "टेक्निकली दोन सेकंद मागे आहे."

माई म्हणते, "मला बघायला आले तेव्हा यांनी पोहे रिजेक्ट केले होते. मोहरी कमी म्हणून. मी कशी पास झाले देव जाणे."

"कोटा भरायचा होता," अण्णा म्हणतात. हा त्यांचा विनोद आहे. तीस वर्षांत दुसरा झालेला नाही.

रिटायर झाल्यावर वाडीतले चिकू आणि शेवग्याच्या शेंगा रिजेक्ट करून त्यांचं भागेना. मग ते मासे पकडण्याकडे वळले. पकडण्याकडे म्हणजे, मासे पकडायला जे रीळ लागतं ते निवडण्याकडे. एका वहीत रकाने पाडले, मोबाइलवर गोऱ्या लोकांचे व्हिडिओ लावले आणि जेवताना आमच्यावर व्याख्यानं सुरू झाली.

"रिळाच्या जाती दोन," अण्णा वालाच्या भाजीत चमचा आडवा धरून सांगायचे. "एक स्पिनिंग. ते काठीखाली लोंबतं. दोरा त्याच्यावरून नुसता सुटत जातो, रीळ जागचं हलत नाही. ते बालवाडीतलं. दुसरं कन्व्हेन्शनल. ते काठीवर बसतं, आडवं, विहिरीवरच्या रहाटासारखं. दोरा सुटतो तेव्हा तो ज्यावर गुंडाळलेला असतो तो ढोल स्वतः फिरतो. ताकद त्यात असते. खोल पाण्यात तळाशी गळ सोडायचा असेल तर रुंद ढोलाचं, कमी गिअरचं घ्यायचं. एका फेऱ्याला दोरा थोडा येतो, पण जे येतं ते मुळासकट येतं. किनाऱ्यावरून लांब फेकायचं तर हलकं, अरुंद ढोलाचं, आत ब्रेक असलेलं घ्यायचं. कळलं का, किंजल?"

"कळलं, अण्णा. आणि मासा कधी?"

"निवड झाल्यावर."

चार महिने निवड चालू होती. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण तोवर मासे नर्मदा आणत होती.

नर्मदा किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीतली. डोक्यावर टोपली घेऊन ती पंचवीस वर्षं आमच्या दारी येते आहे, आणि पंचवीस वर्षं अण्णा तिच्या माशांचे कल्ले उचलून बघताहेत. ती 'रिजेक्ट'ला 'रिजेट' म्हणते आणि मनावर घेत नाही. उलट, दारात टोपली उतरवतानाच ओरडते, "माई, ये गो, आणि तुजा रिजेटवाला बी बोलाव!" दोघांचं असं रोज चालायचं. पण दिवाळीनंतर दीपिका आली, आणि त्या दिवशी गाडी घसरली.

दीपिका म्हणजे अण्णांची मुलगी, पालघरला दिलेली. सातवा लागला म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आल्या आल्या म्हणाली, "माई, मला बाकी काही नको. तुझ्या हातचं माशाचं कालवण आणि भात." डोहाळेच ते. माईने नर्मदाला निरोप धाडला, नर्मदाने निवडून एक दाढा मासा आणला. अण्णांनी चष्मा कपाळावर नेला.

"गुलाबी आहे कल्ला. लाल पाहिजे. टेक्निकली हा कालचा."

"आवो अण्णा, पाटे बोटीतून उतरलाय तो. तुमच्या अंगात तरी एवढं रगत हाय का, बगा जरा आरशात."

"रि... जेक्ट."

"अण्णा, दीपिकासाठी आणलाय मी. आज तरी रिजेट नका करू."

"नर्मदे, एकतीस वर्षं मी माल तपासलाय. आणि तू, अंगठाबहाद्दर बाई, सहीच्या जागी अंगठा उठवणारी, तू मला ताजं-शिळं शिकवणार?"

 कंपनीत कंत्राटी कामगारांना अण्णा असंच म्हणायचे, हे आम्हाला ऐकून ठाऊक होतं. पण नर्मदाला तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. नर्मदाने आपला उजवा अंगठा वर करून एकदा नीट पाहिला. काळा, चिरा पडलेला, टोकाला चपटा.

"या आंगठ्यावर तीन पोरं शिकवली मी," ती म्हणाली. "तुमी एवढे सईवाले, तर सोता पकडा ना मावरं. मी नाय आता या दारात पाय ठेवाची."

"पकडीन! आजपासून या चुलीवर माझ्या रिळावर आलेलाच मासा चढेल. दुसरा नाही. शब्द आहे माझा!"

नर्मदाने टोपली उचलली. एरवी माई हात लावते तेव्हा ती डोक्यावर जाते. त्या दिवशी तिने एकटीने चढवली.

ती फाटकाबाहेर गेली. माई एवढंच म्हणाली, "आणि डब्यातले सुके बोंबील?"

अण्णांनी विचार केला. "तो जुना स्टॉक आहे. तो चालेल."

अडचण एवढीच होती, की ज्या रिळाची शपथ घेतली ते रीळच अजून निवडलेलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी अण्णा बोईसरला निघाले. माझा क्लास तिकडेच, म्हणून मी स्कूटरवर मागे होते. नाहीतर पुढचं कुणाला सांगून पटलं नसतं.

स्टेशनकडच्या रस्त्यावर एक दुकान आहे. जाळी, दोर, गळ, शिसं, रेनकोट आणि का कोण जाणे, क्रिकेटच्या बॅटी. दुकान सांभाळतो मिथुन. तो बिहारचा, दहा वर्षं बोईसरमध्ये आहे, पण मराठीला अजून हात लावलेला नाही. अण्णांनीही त्याच्यासाठी हिंदी काढली. अण्णांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त जरा दरडावून.

"हमको रीळ मंगता है. कन्व्हेन्शनल. किनारे से फेकने का."

"कितने तक का दिखाऊँ, अंकल?"

"दाम का मत पूछो. भारी दिखाव."

"भारी?"

"भारी याने भारी! एकदम भारी! दुकान में जो सबसे भारी है ना, वो!"

आता आपल्याकडे भारी म्हणजे झकास, उंची, एक नंबर. मिथुनच्या गावी भारी म्हणजे वजनदार. तो खाली वाकला, सगळ्यात खालच्या फळीवरून, भिंतीच्या बाजूने, दोन्ही हातांनी एक काळी-सोनेरी वस्तू काढून काउंटरवर ठेवली. काचेखालचे गळ थरथरले.

"ये बोटवाला है, अंकल. गहरे पानी का. नीचे से पत्थर भी खींच लेगा."

"भारी है क्या?"

"इससे भारी पूरे बोईसर में नहीं मिलेगा."

"पॅक करो!"

मिथुन बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "लेकिन किनारे से फेंकोगे तो उलझ जाएगा. इसमें ब्रेक नहीं है. फेंकने का हलका वाला आता है, वो ले जाओ ना."

"हलका?" अण्णा माझ्याकडे वळले. "बघितलंस? गिऱ्हाईक चांगला माल मागतंय, आणि हा हलका खपवतोय." मग त्याच्याकडे वळून: "तुम हमको मत सिखाव. हम चार महिना अभ्यास किया है."

वही खिशातच होती. तिच्यात स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: किनाऱ्यासाठी हलकं, अरुंद. पण समोर सोनेरी काहीतरी चकाकत असताना वही कोण उघडतं!

आमच्याकडून सरळ पश्चिमेला गेलं की सरूंच्या पलीकडे पुळण, आणि पुळणीच्या टोकाला खडकांची एक जीभ समुद्रात गेलेली आहे. अण्णांनी तिथे आपलं ठाणं मांडलं. काठी, रीळ, नायलॉनचा दोरा म्हणजे तंगूस, शिसं, गळाला कोळंबी. (कोळंबी आमिषाला चालते, चुलीवर चालत नाही, असा पोटनियम त्यांनी वाटेत केला.) डोक्याला टोपी. त्यांनी काठी मागे नेली आणि व्हिडिओतल्या गोऱ्यासारखी हुंकार देऊन पुढे झोकली.

शिसं गेलं. वर गेलं, पुढे गेलं, आणि जेमतेम आमच्या अंगणाएवढ्या अंतरावर डुबुक. शिसं थांबलं. पण ढोल थांबला नाही. तो वजनदार, एकदा फिरायला लागल्यावर आपल्याच नादात गरगरत राहिला, आणि पुढे न गेलेला सगळा तंगूस जागच्या जागी उसळून वर आला. अण्णांच्या हातात काठी उरली आणि काठीवर सुगरणीचं घरटं.

"बॅकलॅश," अण्णा शांतपणे म्हणाले. "अपेक्षित आहे."

ते घरटं माईने दोन दुपारी पडवीत बसून सोडवलं, विणायच्या सुईने. "सासूबाईंची लोकर सोडवली, नणंदेची भांडणं सोडवली," ती म्हणाली, "आता हे." मग रोज एक घरटं यायला लागलं.

मी एकदा तो व्हिडिओ त्यांच्याबरोबर बसून पाहिला. गोरा माणूस फेकण्याआधी दर वेळी अंगठा वर करून दाखवत होता. "थम, थम" असं काहीतरी म्हणत होता. अण्णांनी लगेच बोट लावलं.

"काय केलंत, अण्णा?"

"लाइक. मागतोय ना तो. दर दोन मिनिटांनी अंगठा दाखवतो. भिकारडे असतात हे लोक, पण माहिती चांगली देतात."

एकूण पंधरा दिवसांत अण्णांच्या रिळावर आलेला माल असा: एक रबरी चप्पल, स्वतःची टोपी, आणि एक खेकडी, आमच्याकडची चिंबोरी, जी चुकून लटकलेली होती. चिंबोरी त्यांनी उलटीसुलटी करून बघितली आणि "साइज कमी" म्हणून पाण्यात सोडून दिली. दीपिकाला हे कळलं तेव्हा ती उशीत तोंड खुपसून रडली. चिंबोरीसाठी. मी खोटं सांगत नाही.

नर्मदाचा वस्तीवरून गावात यायचा रस्ता त्या खडकांजवळूनच जातो. भांडण झाल्यापासून ती अण्णांशी बोलत नव्हती. पण तिच्यामागे एक कुत्रा फिरतो, काल्या. ती काल्याशी बोलायची, आणि बोलताना अण्णांच्या बाजूला तोंड करून उभी राहायची.

"बग रे काल्या, आज वारा हाय. आज घरटं मोठं व्हणार."

अण्णा समुद्राशी बोलायचे. "काही लोकांना तंत्र कळत नाही."

"काल्या, तंत्राचं कालवण कसं लागतं रे? आंबट की तिकट?"

घरी शेंगा, वाल, दुधी, आणि फिरून शेंगा. सुक्या बोंबलांचा डबा एका गुरुवारी तळाला लागला. माईने तो पालथा करून चुलीपुढे ठेवला, अण्णांना दिसेल असा. आणि त्याच संध्याकाळी दीपिकाच्या सासूचा फोन आला. त्यांचं बोलणं म्हणजे मधात बुडवलेली टाचणी.

"काय गं दीपिका, जेवलीस का? आमच्याकडे आज कोळंबीची कढी केली होती. तुझी आठवण काढली हो सगळ्यांनी. तुझ्याकडे काय केलं होतं?"

"शेंगा."

"अगोबाई."  "शेंगा? ...बरं बरं. असू दे. प्रत्येकाच्या घरचं असतं काहीतरी."

दीपिकाने फोन ठेवला आणि अण्णांपुढे उभी राहिली, कमरेवर हात देऊन, पोट पुढे करून. अण्णा गिअर साफ करत होते.

"अण्णा, रविवारपर्यंत बघते. रविवारची भरती उतरेपर्यंत. तोवर या घरात मासा शिजला नाही, तर मी पालघरला जाते. बाळंतपण तिकडेच करून घेते."

अण्णांचा हात थांबला. पहिल्या बाळंतपणाला आलेली लेक उपाशी परत गेली, आणि सासूने तिला मासे भरवले. हे एकदा झालं की मग एकतीस वर्षांत रिजेक्ट केलेलं सगळं गाव येऊन अण्णांना रिजेक्ट करणार होतं. त्यांनाही ते कळलं. "टेक्निकली..." त्यांनी सुरुवात केली, आणि वाक्य तिथेच सोडून पुन्हा गिअर पुसायला घेतला. तसं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"नर्मदाकडून घ्या की परत," असं माई म्हणाली नाही. तिने नुसतं त्या पालथ्या डब्यावर बोटांनी टकटक केलं.

"शब्द दिलाय मी," अण्णा म्हणाले.

रविवारी पूर्ण भरती अकराच्या सुमारास होती. अण्णा नऊलाच खडकावर. दीपिका पुळणीच्या वर, रस्त्यावर, रिक्षात बसलेली. तिची बॅग सीटमागे ठेवलेली. रिक्षावाल्याला तिने सांगून ठेवलं होतं, "थांबा, पाणी उतरायला लागलं की निघू." मी आणि माई खडकांवर. थोड्या वेळाने नर्मदा काल्याला घेऊन आली, टोपली बाजूला ठेवून एका दगडावर बसली. टोपली रिकामी होती. गावात फिरून झालं होतं तिचं.

अण्णांनी फेकलं. घरटं. माईने सोडवलं. अण्णांनी फेकलं. मोठं घरटं. पाणी खडकाच्या कडेला येऊन टेकलं, शेवाळावर चढलं, मग चढायचं थांबलं.

"अण्णा!" वरून दीपिकाची हाक आली. "किती वेळ?"

"होतंय, होतंय!"

तिसऱ्यांदा फेकलं तेव्हा ढोलावर असा काही गुंता झाला की माईने नुसता हात लावला आणि काढून घेतला. पाण्याची रेघ खडकावरून बोटभर खाली गेली होती. माई उठली आणि नर्मदाजवळ जाऊन उभी राहिली.

"नर्मदा, पोर उपाशी जातेय माझी."

"माजी बी हाय ती," नर्मदा म्हणाली. "पयला मासा तिला मीच चाटवला व्हता, काटा काडून." ती उठली, लुगडं खोचलं, खडकावर आली आणि न विचारता अण्णांच्या हातातून काठी घेतली. घेतल्यावर हात खाली गेला. "बया! हे रीळ हाय का वरवंटा?"

"भारीतलं आहे," अण्णा म्हणाले. इतक्या दिवसांनी ते थेट तिच्याशी बोलले, आणि तेही हे.

"ते दिसतंच हाय."

तिने कमरेची सुरी काढली, गुंत्याचा पुंजकाच्या पुंजका कापला.

"अगं, नवीन तंगूस आहे तो!"

"रिजेट," नर्मदा म्हणाली.

उरलेल्या तंगुसाला तिने शिसं आणि गळ नव्याने बांधला, कोळंबी लावली, आणि चालत खडकाच्या अगदी कडेला गेली, जिथे कडा सरळ खाली उतरतो आणि पाणी हिरवं दिसतं.

"लांब फेकायचं नाही?" अण्णा.

"कशाला? मासा काय दुबईला नोकरीला गेलाय?"

तिने अंगठा तोंडात घालून ओला केला आणि ढोलावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला, झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा. शिसं सरळ खाली सुटलं. ढोल फिरू लागला, पण अंगठ्याला विचारून विचारून. शिसं तळाला टेकलं त्याच क्षणी अंगठा बसला आणि ढोल गप्प. एक वेटोळं वर आलं नाही.

अण्णांचा चष्मा आपोआप कपाळावर गेला. ते त्या काळ्या, चपट्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"अण्णा," मी हळूच म्हटलं, "तो गोरा लाइक मागत नव्हता."

 त्यांचे कान लाल झाले. दाढ्याच्या कल्ल्यापेक्षा लाल.

नर्मदा अर्धवट डोळे मिटून उभी होती. "आमचा बाप दोर नुसता हातात धराचा. काठी नाय, रीळ नाय. म्हणाचा, डोळं मिट, आंगठ्याला सगळं दिसतं." मग तिचे डोळे उघडले. काठीचं टोक एकदा लवलं, दुसऱ्यांदा लवलं, आणि तिसऱ्यांदा पार पाण्याकडे वाकलं. तिने काठी सरळ अण्णांच्या छातीवर ढकलली.

"घ्या! तुमचं रीळ, तुमची शपथ!"

अण्णांनी काठी धरली. मासा खडकाखाली निघाला, ढोल गरगरला, अण्णा ओरडले, "काय करू?"

"आंगठा!"

त्यांनी कोरडाच अंगठा दाबला. "आई गं! जळला! जळला!" त्यांनी तो काढलाच असता, पण नर्मदाने आपला अंगठा त्यांच्या अंगठ्यावर दाबून ठेवला.

"सोडू नका!"

"जळतोय गं!"

"जळू द्या. आमचे रोज जळतात."

ढोल थांबला. "लिव्हर!" अण्णा स्वतःच ओरडले आणि त्यांनी ढोल हँडलला जोडणारा खटका पाडला. हे मात्र त्यांना येत होतं. मग ते हँडल फिरवू लागले. आणि खरं ते सांगते, ते रीळ फेकायला बिनकामाचं होतं, पण ओढायला राक्षस. एका फेऱ्याला वीतभर दोरा येत होता, पण आलेला परत जात नव्हता. मासा खडकाच्या कपारीत अडून बसला, तरी रहाटावरून पोहरा यावा तसा तो वर येत गेला. शेवटी पाण्यावर तांबूस पाठ चमकली. तांब. माईच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, आणि संतापलेली.

"आली!" अण्णा नाचायला लागले. "माझ्या रिळावर आली! बघा, शब्द म्हणजे शब्द! माझा मासा!"

नर्मदाने तांब गळातून सोडवली, आपल्या टोपलीत घातली आणि वर ओलं फडकं टाकलं.

"अगं, कुठे नेतेस?"

"रीळ तुमचं," नर्मदा म्हणाली. "मासा दर्याचा. टोपली माजी. दारावर आणते, तिथं बगा काय बगाचं ते."

आणि ती काल्याला घेऊन निघालीसुद्धा. रस्त्यावरून जाताना तिने रिक्षात वाकून फडकं जरासं उचललं. दीपिकाचा आवाज आम्हाला खडकापर्यंत आला: "काका, पालघर राहू दे. रिक्षा फिरवा!"

आम्ही घरी पोचलो तर नर्मदा फाटकाबाहेर उभी. आत पाऊल नाही. "मावरं!" तिने हाक दिली, जशी पंचवीस वर्षं देते तशी. माई धावत जाऊन टोपलीला हात लावायला गेली, पण नर्मदा हलली नाही. ती अण्णांची वाट बघत होती.

अण्णा आले. घामाघूम, टोपी वाकडी, अंगठा फुंकत. टोपलीपुढे उभे राहिले. सवयीने हात पुढे गेला, कल्ला उचलला. चष्मा कपाळावर. नाकातून बारीक फुंकर. मी, माई, पायरीवर ताट घेऊन बसलेली दीपिका, सगळ्यांनी श्वास धरला.

"रि..." अण्णा म्हणाले, आणि थांबले.

काल्यानेसुद्धा कान टवकारले.

"रि... रीतसर पास."

"तोंडानं नाय," नर्मदा म्हणाली. "तुमच्या कंपनीत तोंडी चालाचं का? सई करा."

आता ना म्हणणार कसे? माईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, मी पेन दिलं. अण्णांनी पेन धरलं. अंगठ्यावर टरटरून फोड आला होता. पेन सुटून खाली पडलं. पुन्हा धरलं. पुन्हा पडलं. तोवर माईने भाजल्यावर लावायला हळद कालवून आणली होती, ती तिने त्यांच्या अंगठ्यावर थापली.

नर्मदाने कॅलेंडर दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ताठ धरलं.

"राऊ द्या सई," ती म्हणाली. "आंगठा चालतो."

अण्णांनी एकदा माईकडे पाहिलं. माई दीपिकाकडे पाहत होती. दीपिका टोपलीकडे. मग अण्णांनी रविवारच्या चौकोनावर अंगठा टेकवला, आणि मगच नर्मदाने फाटकाच्या आत पाय ठेवला. माईने टोपलीला हात लावला आणि दोघींनी मिळून ती उतरवली.